चुलीचा आराखडा कोणी काढावयाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत जमीन, पाणी, मजुरी, कापसाचा भाव असे विषय असतात. त्यांच्या पंक्तीत ‘चूल’ हा शब्द पाहून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल, तर त्यात नवल नाही. चूल ही घरातली बाब आहे, तिचा राजकारणाशी संबंध नाही, ही समजूत पुरोगामी म्हणविणाऱ्यांच्या घरांतही खोलवर रुजलेली आहे. १९३६ च्या डिसेंबरात ह्याच खानदेशात, फैजपूरला, खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले. तेथे संमत झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात सारा, खंड, कर्जाचा बोजा, शेतमजुराची मजुरी ह्या प्रश्नांना स्थान मिळाले. शेतकऱ्याच्या घरात रोज दोनदा पेटणाऱ्या विस्तवाला ते मिळाले नाही. डॉ. राममनोहर लोहिया ह्यांनी मात्र १९५० नंतरच्या दशकात जात आणि स्त्री-पुरुषभेद ह्यांचा एकत्र विचार मांडताना स्वयंपाकघरातील गुलामीचा व धुमसणाऱ्या चुलीचा मुद्दाम उल्लेख केला होता. त्यांच्या अनुयायांनी तो वाचला, मान डोलावली आणि पान उलटले.

आजच्या विवेचनाचा विषय चुलीची महती हा नाही. घरात सरपणावर चालणारी जी भट्टी आहे, मग ती स्वयंपाकाची चूल असो, न्हाणीपाशी धडधडणारा बंब असो किंवा सातपुड्यातील झोपडीत रात्रभर ऊब देणारा विस्तव असो, तिच्या रचनेत सुधारणा कशी करता येईल, आणि गेल्या पाऊणशे वर्षांतील प्रयत्नांना जे अपयश आले त्याचे कारण काय, एवढाच तो आहे.

हे प्रयत्न काही थोडेथोडके नव्हते. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास धुराडे असलेली ‘मगन चूल’ तयार केली. हैदराबादेत अभियंते एस. पी. राजू ह्यांनी १९५३ च्या सुमारास बिनधुराच्या स्वयंपाकघराचा पुरस्कार केला. पुढे १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, जंगलतोडीची चर्चा सुरू झाली आणि सरकारला चुलीची आठवण झाली. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला. ह्या काळात देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्याचे कागदोपत्री नमूद आहे. शेजारच्या चीनने १९८० नंतरच्या दशकात ह्याहून कितीतरी अधिक, बारा कोटींच्या वर चुली बसविल्या, आणि त्यांपैकी पुष्कळशा वापरात राहिल्या. भारतात मात्र २०११ च्या जनगणनेपर्यंत देशातील ४९ टक्के कुटुंबे लाकडावर, सुमारे ८ टक्के गोवऱ्यांवर आणि ९ टक्के शेतातील काडीकचऱ्यावर स्वयंपाक करीत होती, आणि त्यांतील बहुसंख्य चुली जुन्याच होत्या.

मग साडेतीन कोटी चुली गेल्या कोठे? सरकारी उत्तर ठरलेले होते: बायकांना वापर कळला नाही, निगा राखली गेली नाही, प्रबोधन कमी पडले. हे उत्तर सोयीचे आहे. कारण त्यात आराखडा काढणाऱ्याकडे बोट जात नाही.

खानदेशातील चूल काय काय करते हे आधी पाहिले पाहिजे. तिच्यावर कळण्याची भाकरी होते. ती तव्यावर अर्धी भाजली की चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांपुढे उभी करून शेकावी लागते. सणावाराला खापरावरचे मांडे होतात. त्यासाठी पालथे घातलेले मोठे मातीचे खापर तिन्ही बाजूंनी सारखे तापावे लागते. भरिताची वांगी पऱ्हाटीच्या जाळावर उघड्यावर भाजली जातात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला जळगावचा माणूस भरीत म्हणावयास तयार होत नाही. हिवाळ्यात त्याच चुलीपुढे म्हातारी माणसे पाय शेकतात. पावसाळ्यात ओली लाकडे, ओले कपडे तिच्या उबेला वाळतात. मागच्या वैलावर डाळ शिजत राहते किंवा दूध निवत नाही. म्हणजे पुढच्या भांड्याला लागून उरलेली उष्णता वापरण्याची युक्ती ह्या बायांना कोणत्याही प्रयोगशाळेपूर्वी ठाऊक होती.

सुधारित चूल आली ती दोन ठराविक मापांची भोके घेऊन. त्या भोकांवर पातेली बसत. खापर बसत नसे. तोंड लहान ठेवलेले, कारण मोठ्या तोंडातून थंड हवा आत शिरते आणि परिणामकारकतेचा आकडा खाली येतो. शास्त्र बरोबर होते. परंतु लहान तोंडापुढे निखारे ओढून भाकरी शेकता येत नाही, आणि पऱ्हाटीची वाकडीतिकडी काडी त्यात जात नाही. ती आधी हातभर तुकड्यांत मोडावी लागते. ते तुकडे कोण मोडणार? अर्थात तीच, जिचे कष्ट कमी करण्यासाठी ही चूल आली होती. तेव्हा तिने कोयत्याने चुलीचे तोंड मोठे केले, भोक खापराएवढे वाढविले आणि आपला स्वयंपाक उरकला. तपासणीला आलेल्या माणसाच्या वहीत ही चूल ‘मोडलेली’ म्हणून लिहिली जाई. वस्तुतः ती दुरुस्त केलेली होती.

आता थोडे शास्त्राकडे वळले पाहिजे. कारण बाई म्हणते ते सारे खरे आणि अभियंता म्हणतो ते सारे खोटे, ही उलट टोकाची भाबडी भूमिकाही उपयोगाची नाही. तिचे डोळे चुरचुरतात, छाती भरते, आणि ती सवयीने ते सोसते. सोसण्याला शहाणपण म्हणता येत नाही.

लाकूड जळते असे म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. तापलेल्या काडीतून प्रथम पाण्याची वाफ निघते, मग ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूपाने जातो, आणि मागे राहतो तो कोळसा. दिसते ती ज्वाळा ह्या वायूंची असते. त्यांना पुरेशी हवा, सहा-सातशे अंश सेल्सिअसची धग आणि जळून पुरे होण्याइतकी जागा मिळाली, तर धूर जवळजवळ उरत नाही. तिन्हींपैकी एक कमी पडले की न जळलेले वायू थंड होतात आणि त्यांचा धूर होतो. काडी ओली असेल तर आधी तिच्यातील पाणी उडवावे लागते. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्च होते, आणि तेवढ्या काळात चूल तापतच नाही.

येथपर्यंतचे सर्वांना पटते. पुढचा मुद्दा मात्र अनेक सुधारकांच्याही ध्यानात आला नाही. तीन दगडांच्या उघड्या चुलीतसुद्धा सरपणातील उष्णतेचा फार मोठा भाग, साधारणपणे दहांतील नऊ हिस्से, मोकळा होतोच. वाया जाते ती त्यापुढची उष्णता: भांड्याला त्यातील जेमतेम दहा-पंधरा टक्के लागते, बाकीची भिंतींना, हवेला आणि स्वयंपाक करणारीच्या तोंडाला. म्हणजे सरपण वाचविणे हा मुख्यतः उष्णता भांड्यापर्यंत नेण्याचा प्रश्न आहे, आणि धूर घालविणे हा उरलेला दहावा हिस्सा जाळून पुरा करण्याचा प्रश्न आहे. दोन्ही एक नव्हेत. कधीकधी ते एकमेकांच्या विरोधात जातात.

ह्याचे उत्तम उदाहरण मराठी घरांतच आहे, आणि ते म्हणजे बंब. तांब्याच्या नळकांड्यात मधोमध जाळाची नळी, खाली जाळी, तिच्याखाली राखेची जागा आणि नळीभोवती सर्व बाजूंनी पाणी. उष्णता पळून जाण्यास वाट अशी नाहीच. मूठभर सालपटांत बादलीभर पाणी तापविणारे हे यंत्र ज्या कोणा अनाम कारागिरांनी घडवीत आणले, त्यांना उष्णतेच्या वहनाचे शास्त्र हातात कळले होते. तरीही बंब भरपूर धुरकटतो. कारण जाळाच्या चारी बाजूंना थंड पाण्याची भिंत आहे. ज्वाळा तिला टेकली की विझते आणि काजळी धरते. म्हणूनच बंब न्हाणीबाहेर, अंगणात ठेवला जातो. सरपणाच्या बाबतीत तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो आणि धुराच्या बाबतीत नापास होतो.

उपायही ह्याच निरीक्षणातून निघतो. ज्वाळेला आधी थोडी उंच, गरम आणि उष्णता न पिणारी नळी द्यावी. तीत वायू जळून पुरे व्हावेत. आणि मगच त्या उष्ण हवेने भांड्याला किंवा पाण्याला भेटावे. अमेरिकेत लॅरी विनियार्स्की ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात ह्याच तत्त्वावर कोपऱ्यासारखी वळलेली नळी असलेली चूल बेतली, आणि ती पुढे अनेक गरीब देशांत गेली. भांड्याभोवती पत्र्याचे कडे बसवून बोटभर फट ठेवली की वर जाणारी हवा भांड्याच्या अंगाला घासत जाते आणि परिणामकारकता बरीच वाढते. पंखा नसलेल्या चुलीने किमान २५ टक्के व पंखा असलेल्या चुलीने ३५ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे, असे भारतीय मानक आहे. ते अशक्य कोटीतले नाही.

मात्र एका गैरसमजाची वासलात लावली पाहिजे. माती उष्णता अडविते असे समजून अनेक ठिकाणी जाड मातीच्या चुली बांधल्या गेल्या. माती उष्णता अडवीत नाही, पिते. अर्धा तास चहाभाकरीपुरती पेटणारी चूल जाड असेल, तर पहिला अर्धा तास ती स्वतःच तापत राहते. उष्णता अडविते ती मातीत कोंडलेली हवा. म्हणून मातीत भुसा मिसळून भाजलेली हलकी वीट किंवा दोन कड्यांमध्ये भरलेली राख हा अधिक चांगला उपाय आहे. राख प्रत्येक घरी फुकट मिळते.

परंतु जी गोष्ट भाकरीच्या चुलीत दोष ठरते तीच हिवाळ्यातील उबेत गुण ठरते. खानदेश म्हटला की जळगाव-भुसावळचा वैशाखातला ताप डोळ्यांसमोर येतो, पारा ४५ अंशांवर चढलेला. पण हाच प्रदेश पौषात कुडकुडतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात नोंदलेले किमान तापमान काही वर्षी पाच अंशांच्या आसपास उतरते, आणि त्याची बातमी पहिल्या पानावर येते. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या आणि आता नंदुरबारमध्ये गेलेल्या अक्राणी-तोरणमाळच्या टापूत, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर, कुडाच्या भिंतींच्या झोपडीत पावरा कुटुंब विस्तवाभोवती निजते. पांघरूण पुरेसे नसते, म्हणून विस्तव पांघरला जातो. त्या घरात धुराडे बसवून धूर आणि ऊब दोन्ही छपराबाहेर घालविणारी चूल कोण ठेवून घेईल?

उत्तर चीनमध्ये ह्या प्रश्नाचे उत्तर शेकडो वर्षांपूर्वी शोधले गेले. तेथे चुलीतील धूर सरळ वर न नेता झोपण्याच्या विटांच्या ओट्याखालून फिरवून मग धुराड्यात सोडतात. ओटा रात्रभर उबदार राहतो. कोरियातील घरांत अख्ख्या जमिनीखालून असा धूर खेळविला जाई. खानदेशातील घराला ओटा नवा नाही. चुलीलगत मातीचा लांबट ओटा बांधून त्याच्या पोटातून धुराचा आडवा मार्ग नेला, आणि उन्हाळ्यासाठी चुलीतून थेट धुराड्याकडे जाणारी दुसरी वाट पत्र्याच्या सरकत्या पट्टीने उघडता-मिटता ठेवली, तर एकाच रचनेतून दोन्ही ऋतूंची सोय होऊ शकेल. येथे जाड मातीच हवी. ती रात्री हळूहळू ऊब परत देते.

ह्या सूचनेतील धोकाही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. आडव्या मार्गाला भेग पडली, किंवा धुराडे काजळीने तुंबले, तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत उतरतो. त्याला वास नाही, रंग नाही. दारे लावून निखाऱ्यांची शेगडी उशाशी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या थंडीत वाचावयास मिळतात. त्यामागे हाच वायू असतो. म्हणून कुडाच्या मोकळ्या भिंती लिंपून घर बंद करावयाचे आणि आत विस्तव ठेवावयाचा, ही सुधारणा नव्हे. ज्या गावात धुराडे दरमहा साफ करणारा आणि ओट्याच्या भेगा बुजविणारा कोणी तयार झालेला नाही, त्या गावात असा ओटा बांधूच नये.

धुराड्याविषयी आणखी एक गोष्ट. जळगाव-धुळ्याच्या जुन्या घरांना धाबे असते. लाकडी सऱ्यांवर माती चोपून केलेले हे सपाट छप्पर पावसाळ्यात गळू नये म्हणून घरधनी किती जपतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला धुराड्याला होणारा विरोध समजेल. धाब्याला भोक पाडले की गळतीला वाट मिळते. त्यामुळे अनेक घरांत नळ छपराबाहेर न नेता वळचणीखालीच संपविला गेला आणि धूर फिरून घरातच आला. शिवाय नळ उंच असला की ओढ वाढते, हवा जोराने आत शिरते, पऱ्हाटी भडाभडा जळते आणि सरपण जास्त लागते. ही ओढ आवरण्यासाठी धुराड्यात झडप असावी लागते, आणि ती केव्हा किती मिटावी हे दाखवून द्यावे लागते. चूल बसविणाऱ्याला बसविलेल्या चुलीमागे मोबदला मिळत असे. दाखवून देण्याबद्दल नव्हे. वर, कार्यक्रमातील कित्येक नळ ॲस्बेस्टॉस सिमेंटचे होते. एका रोगावर औषध म्हणून दुसरा रोग घरात आणण्याचा हा प्रकार होता.

चीनची गोष्ट वेगळी ठरली ती येथेच. तेथे निवडक तालुक्यांत काम झाले, कुटुंबाने बराचसा खर्च स्वतः केला, आणि चूल बांधणाऱ्या स्थानिक कारागिरांची फळी उभी राहिली. भारतात दिल्लीहून लक्ष्यांक निघाला, तो राज्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून पंचायत समितीकडे आला आणि मार्चअखेरीस चुलींची संख्या पुरी झाली. ओडिशात सुधारित चुलींवर काही वर्षे पाळत ठेवून केलेल्या अभ्यासात पहिल्या वर्षीचा धुरातील फरक पुढे नाहीसा झाल्याचे आढळले, कारण चुली दुरुस्त होत नव्हत्या आणि हळूहळू वापरातून गेल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे १९९६ मध्ये डॉ. आनंद कर्वे ह्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘आरती’ने, निराळी वाट धरली. अनुदान बंद झाल्यावर कुंभारांना व बचतगटांतील बायांना चुली बनवून विकण्याचे शिक्षण देऊन तिने पाहिले. ज्याला उद्या त्याच गल्लीत पुन्हा चूल विकावयाची आहे तो कारागीर आजची चूल निष्काळजीपणे बांधत नाही. बाजाराविषयी समाजवाद्यांनी बाळगावयाची सावधगिरी येथे सोडण्याचे कारण नाही. पण हिशेब कुणाला द्यावयाचा, हा प्रश्न त्या प्रयोगाने नेमका पकडला होता.

कोणी विचारील, आता गॅस आला, मग ही चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि काही वर्षांतच कोट्यवधी घरांत गॅसची शेगडी पोचली. ते चांगले झाले. घरातील धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू ओढवले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यावर निर्मळ इंधनासारखा दुसरा उपाय नाही. परंतु उज्ज्वलाच्या कुटुंबाने वर्षाकाठी भरून घेतलेले सिलिंडर २०२३-२४ पर्यंत सरासरी तीन-चारच भरत. १४.२ किलोच्या एका सिलिंडरवर तीन-चार महिने स्वयंपाक निघत नाही. २०२२ मध्ये सिलिंडरमागे दोनशे आणि २०२३ मध्ये तीनशे रुपये अनुदान द्यावे लागले, ह्यातच कबुली आली. व्यवहारात घर दोन विस्तवांवर चालते: चहा, घाईची भाजी, पाहुणा आला तर गॅसवर, अंघोळीचे पाणी, भाकरीची चवड, सणाचे मांडे आणि थंडीतली ऊब चुलीवर. गॅसची मागणी रेटलीच पाहिजे. पण गॅस जी कामे अंगावर घेत नाही तीच सर्वांत जास्त सरपण खातात. सुधारित चुलीचा आराखडा त्या कामांपासून सुरू झाला पाहिजे. चहा लवकर उकळणारी आणखी एक चूल कोणालाही नको आहे.

ह्यात सर्वांत दुर्लक्षित राहिले आहे ते सरपणच. खानदेशातील चुलीचे सरपण जंगलातून जितके येते तितकेच शेतातून येते: पऱ्हाटी, तुराट्या, दाणे काढलेली मक्याची कणसे. रावेर-यावलच्या केळीचे खांब डोंगराएवढे पडतात, पण त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. चुलीला त्यांचा उपयोग नाही. कापसाच्या एका हेक्टरातून साधारण दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. शेवटची वेचणी झाली की भूमिहीन बाई ती उपटून शेत मोकळे करून देते आणि उपटणीचा मोबदला म्हणून पऱ्हाटी डोक्यावरून घरी नेते, ही अनेक गावांतील रीत. म्हणजे ते सरपण फुकट नसते. ती मजुरीच असते, फक्त तिचा भाव कोणी लिहून ठेवीत नाही.

ही रीत आता दोन बाजूंनी सुटत चालली आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापूस फस्त केला, तेव्हापासून पऱ्हाटीचे ढीग गावालगत रचून ठेवू नयेत, हंगाम संपताच ती नष्ट करावी, असा कृषिखात्याचा आग्रह आहे. तो चुकीचा नाही. ढिगातील बोंडांत अळी दडून राहते आणि पुढच्या पिकावर उतरते. पण सल्ल्याच्या पत्रकात पऱ्हाटी हा ‘अवशेष’ असतो, कुणाचे तरी वर्षाचे सरपण नसतो. दुसऱ्या बाजूने शेतकचऱ्याच्या कांड्या करणारे कारखाने पऱ्हाटी विकत घेऊ लागले आहेत. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात अशा कांड्या मिसळाव्यात, असे केंद्र सरकारचे धोरण २०२१ पासून आहे, आणि भुसावळजवळ दीपनगरचे वीजकेंद्र उभे आहे. शेतकऱ्याला दोन पैसे मिळत असतील तर ते त्याला हवेच आहेत. मात्र जिच्या मजुरीतून ही काडी वजा होईल तिला बदल्यात रोख वाढ मिळाली का, हे विचारणारे कोणी त्या व्यवहारात नाही. शेतमजूर संघटनेच्या मागण्यांत हे कलम आजवर आलेले नाही, यावयास हवे.

आणि घरातला हिशेबही ह्याच पद्धतीचा आहे. चूल विकत घ्यावयाची तर पैसे पुरुषाच्या खिशातून जातात. वाचणारे सरपण, वाचणारे तास आणि वाचणारे डोळे बाईचे. ज्या वस्तूने रोख काहीच वाचत नाही ती वस्तू पाचशे रुपयांना का घ्यावी, असे तो विचारतो, आणि त्याच्या वहीपुरते त्याचे बरोबर असते. वही चुकीची आहे.

कार्यकर्त्याने ह्यात काय करावयाचे? नवी चूल घेऊन गावात जाणे हे शेवटचे काम आहे. आधी एका वस्तीतील दहा घरांत पूर्ण आठवडा कोणता विस्तव कोणत्या कामाला किती वेळ जळतो, ह्याची नोंद व्हावी. त्यासाठी ताणकाटा, ठराविक मापाचे भांडे आणि वही पुरते. पाच लिटर पाणी उकळण्यास किती किलो पऱ्हाटी लागली आणि किती वेळ लागला, हे जुन्या चुलीवर तीन दिवस व बदललेल्या चुलीवर तीन दिवस मोजावे. तसेच दहा भाकरींचे, तसेच अंघोळीच्या पाण्याचे. सरपण वाचले, पण भांड्याचे बूड पूर्वीपेक्षा काळे झाले, तर बचत धुराच्या किमतीवर झाली असे समजावे आणि नळीची उंची पुन्हा पाहावी. मोजणीची पेन्सिल चूल पेटविणारीच्याच हातात असावी. तिला लिहिता येत नसेल तर तिच्या शाळकरी मुलीच्या. मापे तिने सुचवावीत, गावच्या कुंभाराने घडवावीत, आणि अभियंता मित्राने हवेची वाट कोठे चुकते आहे तेवढे सांगावे. ज्या चुलीचे तोंड तिने कोयत्याने मोठे केले असेल तिची मोजमापे सर्वांत आधी घ्यावीत.

पहिली मोजणी फाल्गुनात सोपी जाते. पऱ्हाटी कडक वाळलेली असते, हात मोकळे असतात आणि प्रत्येक चूल चांगलीच वाटते. तिच्यावर विसंबून कोणताही आराखडा पक्का करू नये. तीच चूल, तेच घर आणि तीच बाई ह्यांच्याकडे श्रावणात, आठ दिवसांची झड लागलेली असताना आणि सरपणाला बुरशी चढलेली असताना, पुन्हा जावे.